टर्लिंग्वाइटच्या नमुन्याची ओळख पटवताना

वणी भागातील आमच्या महाविद्यालयाला एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी आपला खनिजसंग्रह दिला आणि नोंदणीचे काम माझ्याकडे आले. दगडी कोळसा, मँगनीज, झिओलाइट भराभर नोंदले गेले. अडले ते ‘टर्लिंग्वा, टेक्सास’ एवढीच चिठ्ठी असलेल्या चुनखडीच्या एका तुकड्यापाशी.

टर्लिंग्वा हा पाऱ्याच्या जुन्या खाणींचा परिसर. तेथे क्रिटेशस काळातील चुनखडीत हिंगूळ (पाऱ्याचे मुख्य खनिज) सापडतो आणि पृष्ठभागाजवळ त्याचे ऑक्सिडीकरण होऊन पारा, क्लोरीन व ऑक्सिजन यांची दुर्मिळ दुय्यम खनिजे बनतात. त्यांपैकी टर्लिंग्वाइट १९०० मध्ये, तर एग्लेस्टोनाइट १९०३ मध्ये अभ्यासकांपुढे आले. (चुनखडी तर आपल्याकडेही आहे, मग पारा का नाही, असे विद्यार्थी विचारतात, पण नुसती चुनखडी पुरत नाही, पारा वाहून आणणारी उष्ण द्रावणे लागतात.)

आमच्या तुकड्यात या दोघांपैकी कोणते खनिज आहे, हे ठरवताना रंगावर विसंबण्यात अर्थ नव्हता. उजेडाकडील बाजूचे स्फटिक शेवाळी हिरवे झाले होते, तर चिठ्ठीखाली झाकलेले अजून पिवळे होते. टर्लिंग्वाइट उजेडात असेच काळवंडते, पण एग्लेस्टोनाइटही उजेडात गडद होते. भिंगाखाली एका पोकळीत चक्क पाऱ्याचा चंदेरी थेंब दिसला, तेव्हा घासून कस (पुडीचा रंग) पाहण्याचा आणि तापवण्याचा विचारच सोडला. हातमोजे घालून सुईने थोडेसे कण वेगळे केले आणि हवाबंद कुपीत भरले.

नागपूरला एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या) तपासणीसाठी प्राचार्यांचे पत्र, नमुन्याचा फॉर्म आणि ‘यात पारा आहे’ असे लेखी निवेदन द्यावे लागले. कागदपत्रांचा हा खटाटोप कंटाळवाणा असला, तरी निवेदनाची अट मला योग्यच वाटली, कारण पूड करणाऱ्याला धोक्याची कल्पना असायलाच हवी. एग्लेस्टोनाइटची स्फटिकरचना घनीय असल्याने त्याच्या आलेखात तुलनेने कमी शिखरे येतात, तर टर्लिंग्वाइट एकनताक्ष (मोनोक्लिनिक, म्हणजे कमी सममितीचे) असल्याने शिखरांची गर्दी होते. आमच्या आलेखात अशीच गर्दी होती आणि तिची जागा प्रमाणित नोंदीशी जुळली. सोबत कॅल्साइट व थोडे कॅलोमेलही (पारा व क्लोरीन यांचे खनिज) निघाले.

आता नोंदवहीत खनिजाचे नाव, जुन्या चिठ्ठीतील स्थळ आणि तपासणीची पद्धत हे तिन्ही लिहिले आहे. नमुना झाकणाच्या अपारदर्शक डबीत, उन्हाच्या खिडकीपासून दूर, कुलूपबंद कपाटात ठेवला असून प्रात्यक्षिकाला फक्त त्याचे छायाचित्र देतो.