थांबायच्या आधी टाच

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कठड्यापाशी मी पडले तेव्हा सायकलचा वेग शून्य होता. सायकल थांबली, मी थांबले, डावा पाय टेकायला निघाला आणि निघालाच नाही. मग जुनं कपाट कलंडावं तशा आम्ही दोघी, सायकल आणि मी, सावकाश डावीकडे आडव्या झालो. इतक्या सावकाश, की आपल्याकडे कोण कोण बघतंय ते मोजायला मला वेळ मिळाला. चहावाला, फिरायला आलेले दोन आजोबा आणि एक कुत्रा.

"ताई, चक्कर आली का?" चहावाल्याने विचारलं.

"नाही हो, पाय अडकलाय."

त्याने वाकून पाहिलं. दोरी नाही, ओढणी नाही, बूट नुसता पेडलला चिकटलेला. आता हे त्याला काय समजावणार! मी आडव्यानेच टाच झटकली, खट् आवाज आला आणि पाय सुटला. हेच दोन सेकंद आधी केलं असतं तर!

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं ते येऊर डोंगराच्या चढामुळे. गेल्या पावसाळ्यात ओल्या पेडलवरून पाय सटकला आणि पेडलचे दात नडगीत घुसले. व्रण अजून आहे. रविवारी बरोबर येणारे म्हणाले, क्लिपलेस पेडल लाव, त्यात बूट खटक्याने अडकतो, पाय हलणारच नाही. पाय सुटणारही नाही, हे कोणी बोललं नाही.

खोका घरी आला तेव्हा सासूबाईंनी नाव वाचलं. "क्लिपलेस म्हणजे बिनक्लिपचं ना गं? मग पाय अडकतो कसा?"

प्रश्न रास्त होता. पूर्वी शर्यतवाले पेडलला पिंजऱ्यासारखी टो क्लिप लावून पाय पट्ट्याने आवळायचे. 1984 मध्ये बर्फावरच्या स्कीचे खटके बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने तसाच खटका सायकलच्या पेडलला आणला. पुढच्याच वर्षी बर्नार इनो हा सायकलपटू त्या पेडलांवर टूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत जिंकला. पिंजरा गेला म्हणून नाव क्लिपलेस. माझी पेडलं शिमानो या जपानी कंपनीच्या एसपीडी पद्धतीची, ती 1990 ची. त्यात क्लीट म्हणजे बुटाखालची लोखंडी पट्टी छोटी असते, दोन स्क्रूंची, तळव्याच्या खाचेत लपलेली. त्यामुळे चालता येतं. रेसिंगच्या तीन स्क्रूवाल्या क्लीट घालून माणूस बदकासारखा चालतो.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पैसे देऊन पाय बांधून घ्यायचे," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

पेडल बसवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. उजवं जुनं पेडल पंधरा नंबरच्या पान्याने पटकन सुटलं. डावं सुटेना. अर्धा तास जोर लावल्यावर कळलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चालवता चालवता ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. म्हणजे अर्धा तास मी ते घट्टच करत होते. मग क्लीट लावल्या, चवड्याचं हाड पेडलच्या दांड्याच्या वर येईल अशा बेताने. पेडलवरचा ताणाचा स्क्रू मात्र पूर्ण सैल ठेवला. नवख्या माणसाने एवढं एक केलंच पाहिजे. घट्ट खटका कसलेल्यांना शोभतो.

सराव पार्किंगमध्ये. एका हाताने खांब धरायचा, सीटवर बसायचं, चवडा पुढे सरकवून दाबायचं, खट्. टाच बाहेर फिरवायची, खट्. दोनच दिवसांत सहज जमायला लागलं. वॉचमनकाका खुर्ची टाकून बघत बसायचे. त्यांना वाटायचं मी सायकल दुरुस्त करतेय आणि ती काही दुरुस्त होत नाहीये.

पण खांब धरून जमतं ते रस्त्यावर जमत नाही. अडकवण्यात, सोडवण्यात खरं तर काहीच अवघड नाही. अवघड आहे ते आपण थांबणार आहोत हे थांबायच्या आधी ठरवणं. आणि ठाण्यात थांबायचं आपण कुठे ठरवतो? ते रिक्षा ठरवते, खड्डा ठरवतो, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला ठरवतो. घाबरलं की पाय सवयीने सरळ वर उचलला जातो. लहानपणापासूनची सवय ती. आणि सरळ वर उचललेला पाय या पेडलमधून काही केल्या निघत नाही.

दुसऱ्यांदा पडले ती गंमत वेगळी. परदेशी व्हिडिओ बघून आधी उजवा पाय सोडायचा सराव केला होता. त्यांची वाहतूक उजवीकडून, फुटपाथही उजवीकडे. आपल्याकडे कडेला थांबायचं तर पाय डावा टेकायचा, उजवीकडे बस असते! हे ध्यानात आल्यावर डावा सोडायला लागले. मानपाड्याला डावा अगदी वेळेवर सोडला आणि सायकल नेमकी उजवीकडे झुकली. सुटलेला पाय हवेत, अडकलेला पाय खाली. रविवारची सकाळ, रस्ता रिकामा, म्हणून कोपरावर निभावलं.

त्यावरचा उपाय एका जुन्या सायकलवाल्याने सांगितला. थांबता थांबता हँडल किंचित उजवीकडे वळवायचं, की सायकल आपोआप डावीकडे कलते. उलटं वाटतं, पण करून बघा. आणि डावा पाय सोडायचा तो पेडल खाली असताना. हे दोन्ही जमल्यावर मी पडले नाही.

अडकले मात्र एकदा. येऊरहून उतरताना डावी टाच फिरवली, फिरली, खट् झालं नाही. पुन्हा फिरवली. बूट मजेत गोल फिरतोय आणि पेडल सोडत नाही! क्लीटच्या दोन स्क्रूंपैकी एक वाटेत कुठेतरी गळून पडला होता. उरलेल्या एकाभोवती क्लीट जागच्या जागी फिरत होती. चूक माझीच, बसवताना हाताला लागले तेवढेच आवळले होते. शेवटी वेग कमी करून विजेचा खांब डाव्या हाताने मिठीत घेतला, बुटाचे वेल्क्रो सोडले आणि मोजा घालून रस्त्यावर उतरले. बूट पेडललाच लटकलेला. तशीच वर्तकनगरपर्यंत चालत आले, शाळेत एक चप्पल हरवून आलेल्या पोरीसारखी. आईंनी दार उघडलं, पायाकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि न बोलता आत जाऊन चहा टाकला.

तेव्हापासून पिशवीत चार एमएमची अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी टोकाचा छोटा पाना, असते आणि दर रविवारी निघण्याआधी चारही स्क्रू तपासते.

फायदा झाला का? पेडल वर ओढून जास्तीची ताकद मिळते असं ऐकलं होतं, मला तरी ती जाणवली नाही. चढ तेवढाच लांब आहे आणि मी तेवढीच धापा टाकते. पण पावसात पाय सटकत नाही, आणि पाय रोज त्याच जागी बसत असल्याने गुडघा कुरकुरत नाही. मला तेवढं पुरे.

डावी टाच आता न सांगता फिरते. परवा रिक्षातून उतरतानाही फिरली. उजवी अजून कच्ची आहे. सध्या रोज पार्किंगमध्ये तिचाच सराव चालू आहे आणि वॉचमनकाकांनी खुर्ची खांबाच्या दुसऱ्या बाजूला नेली आहे.