आक्षीचा किनारा: पिवळ्या पायांवर जाऊ नका

ग्रेटर सँड प्लोव्हर हा हिवाळ्यात येणारा किनारपक्षी, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या लेसर सँड प्लोव्हरच्या थव्यात शोधायला अलिबागजवळच्या आक्षीला निघाला असाल तर पायांचा रंग आधी डोक्यातून काढून टाका. "पाय पिवळट-हिरवट तर ग्रेटर, काळपट तर लेसर" हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय, आणि आक्षीत माणशी दीड हजार मोजून घेतलेल्या वाटाड्यानेही तेच पढवलं. वर त्याने बोलावलं ते ऐन ओहोटीला. आक्षीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि पक्षी त्याच्यामागे. स्कोपमधून, म्हणजे ट्रायपॉडवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही, दिसतात ते हलणारे ठिपके. त्या ठिपक्यांना हा गृहस्थ धडाधड नावं देत होता. "तो बघा, पिवळे पाय!" बिचाऱ्या पक्ष्याचे पाय चिखलाने माखलेले होते. तो वाळला की कुठलेही पाय पिवळट-राखाडीच दिसतात. दीड हजार पाण्यात.

पण खरा राग त्याचा नाही, शेजारच्या साखर गावाच्या खाडीच्या तोंडाशी त्याने ज्या चिखलातून नेलं त्याचा आहे. "शॉर्टकट आहे, घोट्याएवढंच पाणी." पाणी घोट्याएवढंच होतं हे खरं, पण खालचा गाळ गुडघ्यापर्यंत. वरून सगळं घट्ट दिसतं, पाय टाकला की आजूबाजूची जमीन खरवसासारखी थरथरते. गमबूट घालून गेलात तर चिखल ते काढून स्वतःकडे ठेवतो. अनवाणी गेलात तर गाळात रुतलेल्या कालवांच्या कडा तळवे सोलून काढतात. ट्रायपॉडची काठी करू म्हणाल तर ट्रायपॉडच आधी खाली जातो. त्यातून बाहेर पडायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात भरती लागायला सुरुवात झाली होती. चालायची सवय, धडधाकट गुडघे सगळं असूनही सांगतो, त्या वाटेने जाऊ नका. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. गावातून सुरूच्या बनात शिरा, सरळ वाळूवर उतरा, आणि खाडीचं तोंड दिसायला लागलं की थांबा. पुढे तुमचं काही काम नाही.

वेळेचं गणित वाटाड्यापेक्षा कालनिर्णय बरं सांगतं. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. तुम्हाला भरती हवी ती सकाळचीच, कारण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी सगळे प्लोव्हर काळे. तेव्हा कुठल्याही पक्षातली एकादशी ते त्रयोदशी गाठा, पूर्ण भरतीच्या दीडेक तास आधी वाळूवर हजर राहा, आणि एका जागी बसून राहा. पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. ऐन पुनवेला-अवसेला उधाण असतं, तेव्हा भरतीला वाळूच फारशी उरत नाही आणि भर दुपार असते.

आता पक्षी. थव्यात बहुतेक सगळे लेसरच असणार, ग्रेटर त्यात मोजकेच. दोन्ही हिवाळ्यात वरून मातकट, खालून पांढरे, छातीच्या बाजूला तपकिरी डाग. मानेमागे पांढरी पट्टी दिसली तर तो केंटिश, लहानखुरा, त्याला सोडा. सगळ्यात फिकट, खांद्याशी काळसर आणि लाटेच्या काठाने न थांबता धावणारा सँडरलिंग. प्लोव्हर धावतो, थबकतो, टोचतो, परत धावतो.

राहिलेल्यांत चोच बघा, आणि पक्षी अगदी बाजूने उभा असेल तेव्हाच बघा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर नजरेने घ्या आणि ते चोचीवर ठेवा. चोच तेवढीच किंवा कमी भरली तर लेसर. स्पष्ट जास्त भरली तर ग्रेटर, आणि त्याची चोच जाड असूनही टोकाकडे निमुळती होत जाते. जोडीला डोकं बघा: लेसरचं गोल, कपाळ उभं, ग्रेटरचं मोठं, कपाळ उतरतं.

इथे पुस्तकं फसवतात. आपल्याकडे येणारा लेसर तिबेटच्या पठाराकडचा. 2023 पासून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या यादीत तो तिबेटन सँड प्लोव्हर म्हणून वेगळा झाला आहे. त्याची चोच आणि पाय सैबेरियन भाऊबंदांपेक्षा लांब असतात. जुन्या पुस्तकातलं आखूड चोचीचं चित्र मनात ठेवून गेलात की प्रत्येक तिसरा लेसर ग्रेटर वाटायला लागतो. म्हणून एकट्या पक्ष्यावर पैज लावू नका. दोघे शेजारी हवेत. लेसर साधारण 19 ते 21 सेंटिमीटर, ग्रेटर 22 ते 25. शेजारी उभे राहिले की हा फरक डोळ्यात भरतो.

वाटाड्याला रामराम केल्यावर मला तसे मिळाले. भरती चढत होती, थवा सुरूच्या पुढ्यात येऊन एका पायावर उभा. मधला एक इतरांच्या डोक्यावरून दिसत होता. तो बाहेर आला, वाळूच्या बारीक गोळ्या पडल्या होत्या तिथून एक खेकडा उचलला, झटके देऊन त्याचे पाय गाळले आणि गिळला. चोच बाजूने, उन्हात, मनसोक्त बघायला मिळाली. मग थवा उठला आणि त्याच्या पायांची बोटं शेपटीच्या पुढे आलेली दिसली. लेसरची सहसा इतकी बाहेर येत नाहीत. पंखावरची पांढरी पट्टीही बाहेरच्या पिसांवर रुंद होत गेलेली होती. मी तिथे एकटाच ओरडलो. त्या सकाळीपुरतं तरी आक्षी कोकणातला सर्वांत उत्तम किनारा आहे असं माझं मत होतं आणि अजूनही फारसं उतरलेलं नाही. नागावात दुसऱ्या दिवशी उत्तम जेवलो, झोपलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जायचं कसं: गेटवेहून मांडव्याची बोट घ्या, पुढची अलिबागपर्यंतची बस बहुतेक तिकिटातच असते, ते विचारून घ्या. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारी एसटी किंवा मिनिडोर (मोठी शेअर रिक्षा) आक्षीला सोडते. "पक्षी बघायला स्पेशल" म्हणून पूर्ण मिनिडोर गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, ऐकू नका, शेअरमध्ये बसा. स्कोप न्याच, नुसत्या दुर्बिणीने चोच मोजता येत नाही. शनिवार-रविवार टाळा, शेजारच्या नागावातून वाळूवर पळवायच्या मोटारी इथपर्यंत येतात आणि थवा उठला की परत बसायला वेळ लावतो. कुत्री रोजचीच. आणि चोच नीट दिसली नाही तर ईबर्डवर "दोघांपैकी एक" असा पर्याय आहे, तो टाका. माणशी दीड हजार घेणाऱ्याला तो माहीत नव्हता.