बळ्ळारी नाल्याच्या काठानं

आज बेळगावजवळच्या वडगाव-शहापूरच्या शिवारातून बळ्ळारी नाल्याच्या काठानं फेरी झाली. नाला फुगला की सगळे पावसालाच बोल लावतात, पण निम्मं काम माणसाचं. उतार कमी, त्यामुळं पाण्याचा वेग मंदावला की गाळ जागीच बसतो. त्यात शहराचं सांडपाणी, म्हणजे जलपर्णीला आयतं खत! तिच्या मुळ्यांत आणखी गाळ अडकतो नि पात्र उथळ होत जातं. मोरीच्या तोंडाला पर्णीचा गठ्ठा बसला की पाणी थेट भातात. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं कोवळं भात आठ-दहा दिवस पूर्ण बुडालं की कुजलंच. दुबार पेरणीला मग बी कुठलं आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, तरी कुठला?

गाळ काढायचा तर मे संपायच्या आत, आणि खालच्या अंगानं वर येत. वरून सुरुवात केली की सुटलेलं पाणी खाली तुंबतं. उपसलेला गाळ काठावरच रचायची पद्धत तर अजबच. पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात. जलपर्णी नुसती तोडून भागत नाही, मुळासकट ओढून पाण्यापासून लांब वाळत टाकावी लागते. पाण्यात राहिलेल्या कांड्यांना लगेच नवे फुटवे येतात.