एका सर्टिफिकेटसाठी चाकणला पाच फेऱ्या

पुणे विद्यापीठाच्या एमबीएत दुसरं सेमिस्टर झालं की किमान ८ आठवड्यांची समर इंटर्नशिप करावी लागते. माझं स्पेशलायझेशन एचआर. अॅडमिशन, हॉस्टेल, परीक्षा सगळं वेळच्या वेळी झालं. चाकणच्या एका कारखान्यात कामगारांच्या गैरहजेरीवर प्रोजेक्ट केला, तोही मनासारखा झाला. अडलं ते इंटर्नशिप पूर्ण केल्याच्या एका पानाच्या सर्टिफिकेटपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटच्या दिवशी एचआरचे सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ये, तयार ठेवतो." गेले, तर सरच नोकरी सोडून गेलेले. नव्या मॅडमनी विचारलं, "जॉइनिंग लेटर?" ते नव्हतं. मावशीच्या दिरांच्या ओळखीने मी लागले होते. सरांनी व्हॉट्सअॅपवर "सोमवारपासून या" एवढंच कळवलं होतं, तेही कंपनीच्या, आता बंद झालेल्या नंबरवरून. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्ही इथे होतात हे मी कशावरून धरू?"

लेटरहेडवरचं जॉइनिंग लेटर हातात पडल्याशिवाय कामाला लागू नका. ओळखीने जात असाल तर मुळीच नाही.

कॉलेजचं म्हणणं एकच: लेटरहेड, सही, गोल शिक्का आणि कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा. नाहीतर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसायचं नाही. दुसऱ्या फेरीला मॅडम ऑडिटमध्ये होत्या. तिसऱ्या फेरीला मी सकाळी १० ते दुपारी ४ रिसेप्शनमध्ये बसले आणि शेवटी निरोप आला, मेल करा. मेल तीन केले होते. परतताना बसमध्ये रडू आवरलं नाही. कामगाराची हजेरी नोंदलीच पाहिजे आणि नेमणुकीचं पत्र, सेवेचा दाखला हे त्याला मिळालंच पाहिजे, हे आम्ही वर्षभर शिकतो. आणि ज्या विभागाने ते द्यायचं, तिथेच मला कोणी ओळख दाखवत नव्हतं.

त्या रात्री लातूरच्या माझ्या रूममेटने विचारलं, "तुला गेटवर टेम्पररी कार्ड दिलं होतं ना गं? मग टाइम ऑफिसात तुझे पंच असणार." पंच म्हणजे कार्ड लावलं की आत-बाहेर जाण्याची होणारी नोंद; टाइम ऑफिस ही हजेरी ठेवतं. तिचा प्रोजेक्ट कंत्राटी कामगारांच्या नोंदींवर होता, म्हणून तिला सुचलं. मी ८ आठवडे रोज त्या खिडकीसमोरून गेले होते, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चौथ्या फेरीला ती बरोबर आली. पास एकालाच मिळाला, म्हणून ती गेटबाहेर थांबली. टाइम ऑफिसातल्या काकांनी मला बघताच ओळखलं. "तूच ना, सगळ्यांना सुट्टी का घेता विचारत फिरायचीस?" ३ जून ते २७ जुलै, ४७ दिवसांच्या नोंदी त्यांनी छापून दिल्या आणि स्वतः मॅडमना फोन लावला. "पोरगी इथे होती, मॅडम. रेकॉर्ड आहे माझ्याकडे." तासाभरात सर्टिफिकेट हातात.

(प्रश्नावली मराठीत काढा, हेही सांगायचं राहिलं. माझी पहिली इंग्रजी प्रश्नावली शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालतं तिथे, कोणी भरली नव्हती. मराठी प्रश्नावली नांदेडच्या मित्राने एका रात्रीत करून दिली, तेव्हा कामगार बोलायला लागले. या काकांशी ओळख त्यातूनच झाली.)

मी जवळजवळ धावत बाहेर आले. रूममेट साडेतीन तास कडुलिंबाखाली उभी होती. तिने कागद घेतला आणि आधी तारखा वाचल्या. "अगं, १३ जुलै लिहिलंय. सहाच आठवडे भरतात." मी परत आत गेले, तर मॅडम निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाचवी फेरी. तिच्या स्वतःच्या रिपोर्टचं बाइंडिंग व्हायचं होतं, तरी ती आली. या वेळी मी सही-शिक्क्याच्या दोन मूळ प्रती मागून घेतल्या आणि टेबलासमोर उभी राहूनच तारखा वाचल्या. परतीच्या बसला उभं राहायलाही जागा नव्हती. तिला कशीबशी एक सीट मिळाली, आणि भोसरीपर्यंत माझी फाइल तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.