थायरॉईडची गोळी, दिवस जायची वाट आणि पाच आठवडे न मिळालेला रिपोर्ट : माझा अनुभव

आधी एक सांगते, बाकीचं नंतर. रक्त द्यायला जाल तेव्हा केसपेपरवर आपलं नाव काय लिहिलं ते खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. आधारवर आहे तेच नाव आहे का, मोबाईल नंबर बरोबर आहे का, सगळं वाचा, मागची लाईन ओरडली तरी चालेल. माझे पाच आठवडे याच्यातच गेले आणि लेकराची वाट पाहणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे म्हणजे एक अख्खा महिना हातातून गेला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बावीस किलोमीटर, सकाळी एक एसटी, बाकी काळीपिवळी. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची, आली की खूप अंगावरून जायचं, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा, आणि एप्रिल महिन्यात सगळे अंगणात बाजा टाकून झोपले की मी आत पांघरूण घेऊन. सासूबाई म्हणायच्या, "अवं, कामाची सवय राह्यली नाई तुले, म्हणून अंग जड झालं." मलाही तेच खरं वाटायचं. शेवटी ऑगस्टमध्ये यवतमाळच्या लेडीज डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी पहिल्याच दिवशी आमच्या दोघांच्याही तपासण्या लिहून दिल्या, मला इतकं बरं वाटलं, कारण तोवर घरात सगळ्यांचं बोट माझ्याकडेच होतं. यांचा रिपोर्ट चांगला आला. माझा टीएसएच ११.८.

मॅडमनी समजावून सांगितलं की गळ्यातली ग्रंथी हार्मोन कमी बनवते म्हणून तिला जागं करायला मेंदूकडून टीएसएच जास्त सुटतो, म्हणजे आकडा जास्त तर थायरॉईड कमी. त्यानं बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, दिवस राहिले तरी टिकायला त्रास होऊ शकतो. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट, कारण डोस अंगात बसायला तेवढा वेळ लागतोच, आणि मूल पाहिजे तर टीएसएच २.५ च्या खाली आणायचा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. ऑक्टोबरमध्ये दुसरी टेस्ट द्यायची होती तेव्हा सोयाबीन सोंगणी चालू, यवतमाळला जायचं म्हणजे दिवस बुडतो, भाडं लागते ते वेगळं. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून सरकारी दवाखान्यात तपासण्या फुकट झाल्या आहेत, म्हणून मी तालुक्यालाच रक्त दिलं. नमुना बाहेर जातो, तीन दिवसांत मोबाईलवर मेसेज येईल म्हणाले. मेसेज आलाच नाही.

आठ दिवसांनी गेले तर लिंक नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले तर रिपोर्ट देणारे सुट्टीवर, ड्रॉवरला कुलूप. तिसऱ्यांदा गेले तर नाव टाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या नावानं नमुनाच नाही, परत द्या." मी दंडावर सुई टोचून घेतलेली, चिठ्ठी माझ्या पर्समध्ये, तारीख त्याच्यावर, आणि माणूस म्हणतो नमुनाच नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आत्ता घ्या. तर म्हणे नळ्या संपल्या, दिवाळीनंतर या. मी बाहेर बाकड्यावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. बाजूला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "नको रडू माय, इथं असंच होऊन राहिलं." पण असंच का म्हणून व्हावं? माझी गोळी कमी पडते का जास्त हे त्या एका कागदावर होतं, आणि तो कागद नाही म्हणून मी तोच ५० चा डोस खात राहिले. फोन करून मॅडमना विचारलं तर त्या तरी काय सांगणार, आकडा पाहिल्याशिवाय डोस बदलता येत नाही.

चौथ्यांदा मी खिडकीवर गेलेच नाही, मागच्या बाजूनं जिथं रक्त घेतात तिथं गेले. तिथल्या पोरीनं चिठ्ठी पाहिली, आधार मागितलं आणि नावानं न शोधता तारखेची यादीच उघडली. अर्ध्या मिनिटात सापडलं. आधारवर अजून माझं माहेरचं नाव आहे, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. रक्त घेताना त्यांनी आधारवरून नाव टाकलं आणि केसपेपर सासरच्या नावानं. मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा चुकलेला, मेसेज कोण जाणे कोणाला गेला. रिपोर्ट तिसऱ्याच दिवशी तयार होता! टीएसएच ६.९. म्हणजे डोस कमीच पडत होता, आणि मी पाच आठवडे तसाच खाल्ला. तारखेची यादी पाहायला अर्धं मिनिट लागते हो, तीन वेळा कोणाला ते सुचलं नाही याचा मला आजही राग येतो.

म्हणून चिठ्ठी फेकू नका, तिचा फोटो काढून ठेवा, नावानं सापडत नसेल तर तारखेनं पाहा म्हणा, आणि आधारवर नाव बदललं नसेल तर केसपेपरही त्याच नावानं काढा.

६.९ येण्यामागं आणखी एक कारण निघालं. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या मी थायरॉईडच्या गोळीबरोबरच खायची, एकदाच पाणी प्यायचं म्हणून. लोह आणि कॅल्शियम दोन्हीनं ही गोळी अंगी लागत नाही, चार तासांचं अंतर पाहिजे. आता लोह दुपारी जेवणानंतर. चहाही गोळीनंतर अर्ध्या ते एक तासानं. आमच्याकडे गव्हात सोयाबीन दळून आणतात, ते मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या बंद करायची गरज नाही, फक्त गोळी आणि पोळी जवळजवळ नको.

मॅडमनी ७५ केली. जानेवारीत टीएसएच ३.९. रिपोर्टवर ठळक अक्षर नाही म्हणून सगळे म्हणाले झालं नॉर्मल. नॉर्मल ते बाकीच्यांसाठी. दिवस राहायला हवेत तर आपला आकडा वेगळा, रिपोर्ट देणाऱ्याचं ऐकून घरी जाऊ नका. ८८ झाली आणि मार्चमध्ये २.१ आला, पाळी तीस-बत्तीस दिवसांवर आली. हो, एक राहिलं, केसांसाठी मेडिकलवाल्यानं बायोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानं टेस्टचा आकडा चुकीचा येऊ शकतो, घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि मे महिन्यात बाटली टिनाखाली ठेवू नका, उष्णतेनं गोळी खराब होते, मी मातीच्या खोलीत खालच्या फळीवर ठेवते.

मे मध्ये पट्टीवर दोन रेघा आल्या. सासूबाई आनंदानं रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "आता पोटात लेकरू हाय, त्या गोळ्या बंद कर." मी बंद केल्या नाहीत. लेकराची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास काम सुरू करते, तोवर त्याला सगळं हार्मोन आपल्याच रक्तातून मिळतं, उलट डोस वाढवावा लागतो. मॅडमनी ते आधीच कागदावर लिहून दिलं होतं, दिवस राहिले कळलं की त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि लगेच रक्त. सासूबाईंना तो कागद वाचून दाखवला. आता त्याच सकाळी विचारतात, "गोळी घेतली का वं?"

त्या दिवशी दुपारीच तालुक्याला गेले, त्याच खिडकीवर. नाव, नंबर सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. चौथ्या दिवशी मेसेज आला. आता सोळावा आठवडा चालू आहे, दर चार आठवड्यांनी रक्त द्यायचं, पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे.