आमची वाटचाल: उसाच्या ट्रॉलीपासून पद्मिनीच्या फ्लोअरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. आबांनी ते उसाच्या ट्रॉल्या, गेट आणि ग्रिल यांच्या जिवावर उभं केलं. ट्रॉलीचं काम आता हंगामापुरतं उरलंय. बाकीचे महिने आम्ही जुन्या गाड्यांची फ्लोअर, म्हणजे पायाखालचा तळाचा पत्रा, बनवतो. मुख्यतः प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फिएट ११०० डिलाइट, कुणी मागितलं तर अँबॅसडरचंही. आमचं गिऱ्हाईक बहुतेक गॅरेजवाला नसतो. बँकेत, शाळेत, आयटीत नोकरी करणारी ही माणसं सुट्टीच्या दिवशी घरच्या पोर्चमध्ये गाडी उभी करून स्वतः वेल्डिंग करतात.

सुरुवात शेजारच्या डेंटरमुळे झाली. कोकणातून एखादी पद्मिनी आली की तो पत्रा वाकवून घ्यायला आमच्याकडे यायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली २००० च्या आसपास. मुंबईच्या टॅक्सींमुळे इंजिनाचं सामान त्यानंतरही मिळत राहिलं, फ्लोअर मात्र कुणी साठवून ठेवलेलं नव्हतं. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तेव्हा पेपरात फोटो आले आणि आमचा फोन वाजायला लागला. घरात झाकून ठेवलेली वडिलांची गाडी लोकांना अचानक आठवली.

या गाडीचं फ्लोअर सडतं कसं, ते एकदा बघण्यासारखं आहे. पुढच्या काचेचं रबर वाळून कडक होतं. पाऊस काचेच्या कडेने आत झिरपतो, डॅशबोर्डच्या मागून ओघळतो आणि पायाखालच्या मॅटखाली जाऊन बसतो. वर रबरी मॅट, खाली ओला नमदा, म्हणजे पाणी सुकायला वावच नाही. वरून काहीच दिसत नाही. मॅट उचलली की पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. त्यावर आधीच्या कुणीतरी फायबर, एम-सील नाहीतर डांबर थापलेलं असतं. स्क्रू-ड्रायव्हर टोचला की सरळ आरपार जातो.

जीपला खाली वेगळी चासी असते, तिचं फ्लोअर सडलं तर पाय भिजतात एवढंच. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल (दाराखालची लांब पोकळ पट्टी) आणि फ्लोअरच्या मधला उंच बोगदा मिळूनच गाडीचा कणा होतो. म्हणून फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे टाकून तात्पुरते वेल्ड करावेत, असं आम्ही प्रत्येकाला बजावतो. ते न करता दोन्ही बाजूंचं फ्लोअर एकदम कापलं की बॉडी मधून बसते आणि नवा पत्रा त्याच बसलेल्या मापावर कायमचा जोडला जातो. दार मग आयुष्यभर आपटून लावावं लागतं.

फ्लोअरची पहिली पॅनेल, म्हणजे बसवायचे तयार तुकडे, आम्ही डेंटरच्या सोयीने बनवली होती: मापात चोख, कडा नेमक्या. डेंटर गॅसच्या ज्योतीवर कड कडेला भिडवून सफाईने जोडतो. हौशी माणसाला ते जमत नाही आणि जमावं असा हट्ट धरणंही बरोबर नाही. दोन पातळ कडा समोरासमोर ठेवून जोडायच्या म्हणजे हात जरा रेंगाळला की भोक. त्यातून बऱ्याच जणांकडे घरी आणलेलं रॉडचं इन्व्हर्टर मशीन. गेटच्या अँगलला चालणारा रॉड या पत्र्याला लावला की पत्रा चाळणी होतो.

मग आम्ही पॅनेलच बदललं. २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, मुलामा नसलेला गुळगुळीत) पत्रा, जाडी साधारण ०.९ मिलीमीटर. मूळ फ्लोअरसारख्या खाचा बीडिंग मशीनवर उठवतो, कारण सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो. कडेला रुंद पट्टी सोडतो, म्हणजे जुन्या निरोगी पत्र्यावर पॅनेल चढवून बसवता येतं. त्या पट्टीवर ठरावीक अंतराने ६ मिलीमीटरची भोकं आम्हीच पाडून देतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे जोड, असायचे, तिथे सीओटू मशीनने (रॉडऐवजी बारीक तार सोडणारं वेल्डिंग मशीन) हे भोक भरायचं: खालच्या पत्र्यावर आर्क धरायचा आणि गोल फिरवत वर यायचं. वायर ०.८ मिलीमीटरची, त्याहून जाड नको. आणि सलग एका ओळीत भोकं भरत जायचं नाही, पत्रा तापून पापडासारखा वाकतो. एक इकडे, एक तिकडे, हात लावून बघायचा, निवला की पुढचं.

धंद्याला खरी कलाटणी दिली ती प्रत्येक सेटमध्ये फुकट टाकलेल्या भंगार पट्ट्यांनी. त्याच पत्र्याच्या, त्याच भोकांच्या. गाडीला हात लावण्याआधी दोन पट्ट्या जोडायच्या, वाइसमध्ये धरायच्या आणि छिन्नी घालून फाडायच्या. खालच्या पत्र्यातून गोल बटण उपटून आलं आणि मागे भोक राहिलं, तर वेल्ड आत गेलेला आहे. पट्ट्या सहज सुटल्या आणि खाली नुसता चकचकीत गोल डाग दिसला, तर धातू वरच बसलाय, करंट वाढवा. वरून दोन्ही वेल्ड सारखेच गोंडस दिसतात, हीच पंचाईत. आता लोक फाडलेल्या पट्ट्यांचे फोटो पाठवतात, आम्ही बघून करंट सुचवतो. संध्याकाळचा अर्धा तास त्यातच जातो. आबांना हा रिकामा उद्योग वाटायचा. परत येणारी पॅनेल थांबली तेव्हा त्यांनी विषय सोडला.

काही गोष्टींत आम्ही अडून बसतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचं फ्लोअर करून द्या, गंजणार नाही, अशी मागणी नेहमी येते. करत नाही. बंद पोर्चमध्ये त्यावरचं जस्त जळलं की तो धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. गंजासाठी वेगळा इलाज आहे: दोन पत्र्यांच्या मध्ये वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर, भोकाच्या जागी तो खरवडून काढलेला, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी सीलर, म्हणजे सांधा बुजवणारा लेप. सीलर आतूनच लावला तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून सांध्यात शिरतं आणि नव्या फ्लोअरला पुन्हा तोच रोग लागतो. तसंच पेट्रोलची टाकी आणि लाइन न काढता काम करणाऱ्याला मी फोनवर स्पष्ट बोलतो. मग गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचल्या. त्यामुळे चौकशी वाढली खरी, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. आमची बरीच गिऱ्हाइकं रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जाणारी. ती नेहमीच्याच नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत राहतात. त्यासाठी आरटीओच्या फिटनेस तपासणीत गाडी खालून बघितली जाते, तेव्हा फ्लोअर धड लागतंच.

आता मारुती ८०० साठी विचारणा सुरू झालीय. १९८३ ची गाडी कुणाला जुनी वाटत नव्हती, पण तिचेही चाहते मशीन घेऊन तयार आहेत. अडचण मापांची आहे. येणारी प्रत्येक गाडी आधीच कुणीतरी कापून ठिगळ मारलेली. पहिल्या एसएस८० मॉडेलची, फ्लोअरला कधी हात न लागलेली गाडी कुणाच्या शेडमध्ये किंवा गोठ्यात पडून असेल तर कळवा. चालू नसली तरी चालेल. मापपट्टी, पुठ्ठे आणि कंपास घेऊन आम्हीच येऊ, फक्त मॅट उचलू द्या.