जुळ्या टाक्यांची जोडणी : मॅनिफोल्ड बसला, डावी बाजू गळली

स्कूबा डायव्हिंगला पाठीवर घ्यायच्या जुळ्या टाक्या जोडतोय. सामान असं : ११.१ लिटरच्या, २०७ बार दाबाच्या दोन अॅल्युमिनियम टाक्या (व्यास १८४ मिमी), स्टेनलेसचे दोन बँड, एम८ बोल्ट आणि २१५ मिमीचा मॅनिफोल्ड, म्हणजे दोन टाक्यांचे व्हॉल्व्ह जोडणारी नळी, मध्ये आयसोलेटर (दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडणारी चावी) असलेला. काम दाबाच्या चाचणीपर्यंत आलंय.

आधी मानेचे आटे. ३/४ इंची मानेत एम२५ चा (२५ मिमी मेट्रिक आट्यांचा) व्हॉल्व्ह सैलसा आत जातो, दोन-चार आटे धरतोही, आणि टाकी भरताना उडतो. त्यामुळे मान आणि व्हॉल्व्ह दोन्हींवरचे शिक्के वाचल्याशिवाय पाना उचलायचा नाही. टाक्या अर्थातच पूर्ण रिकाम्या, व्हॉल्व्ह उघडे.

जुळवणीचा खरा प्रश्न सपाटीचा. अॅल्युमिनियमच्या टाकीचा तळ सपाट असतो, ती स्वतःच उभी राहते. पण आपल्याकडच्या फरशीला मोरीकडे उतार ठरलेला. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा लेव्हलवर तपासून खाली घातला. त्यावर दोन्ही टाक्या उभ्या, त्यांच्या तळाचे बूट काढून, बँडचे नट फक्त बोटांनी फिरवलेले.

आता मॅनिफोल्ड. या प्रकारात मधल्या नळीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. नळी फिरवली की दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच आत ओढले जातात. म्हणून दोन्ही टोकांनी एकाच क्षणी आटा धरला पाहिजे. एक बाजू अर्धा फेरा आधी लागली तर शेवटी आयसोलेटरची मूठ तिरकी तरी राहते, नाहीतर एका बाजूची ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) आपल्या जागेवर पोचतच नाही. नळी दोन बोटांनी फिरायला हवी. अडली, तर टाकी हलवा. नळीला पाना लावू नका.

गळती इथेच झाली. पहिल्या खेपेला बँड आधी आवळले आणि मॅनिफोल्ड नंतर ओढून बसवला. १५ बारला साबणाच्या पाण्यात डाव्या कॉलरपाशी (नळी जागी अडकवणारं कडं) बारीक फेस आला. दाब वाढवल्यावर तो थांबला, आणि फसगत होते ती याच ठिकाणी : दाबाखाली ओ-रिंग स्वतःच घट्ट बसते, म्हणून कापलेली रिंगही जास्त दाबावर गप्प राहू शकते. कमी दाबाची चाचणी टाळायची नाही ती यासाठी. हवा सोडून उघडल्यावर रिंगच्या कडेला आट्याने घेतलेला चिरा दिसला. नवी रिंग, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात (टाकीतल्या वायूत ऑक्सिजन ४० टक्क्यांवर जाणार असेल तर ऑक्सिजनला चालणारंच ग्रीस), आणि क्रम उलटा : मॅनिफोल्ड, लॉक कॉलर, सगळ्यात शेवटी बँड. १५ आणि १०० बारला आता कोरडं.

बँडच्या जागेबद्दल. दोन बोल्टांमध्ये ११ इंच, म्हणजे २७९ मिमी. बॅकप्लेटची (टाक्या पाठीशी धरणाऱ्या पत्र्याची) भोकं तेवढ्यावरच असतात. वरचा बँड खांद्याचा गोलावा संपतो त्याच्या लगेच खाली. फार खाली घेतला तर टाक्या वर चढतात आणि डोकं मॅनिफोल्डला आपटतं. फार वर घेतला तर मुठींपर्यंत हात पोचत नाही. चाचणीच्या तारखांचे शिक्के बाहेरच्या बाजूला आलेत ना, हे बँड आवळण्याआधीच बघा, नाहीतर भरणारा परत पाठवेल.

भरण्याचं म्हणाल तर पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, तेव्हा सबब चालणार नाही : गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे मंजुरी नसलेली किंवा चाचणीची मुदत उलटलेली टाकी भरता येत नाही. आणि मे महिना विसरू नका. २५ अंशांना २०७ बार असलेली टाकी ४५ अंशांना साधारण २२१ बार दाखवते, बंद गाडीत त्याहून जास्त.

उरलेलं काम : पूर्ण दाब, पाण्याच्या टाकीत बुडवून तपासणी, आणि आयसोलेटर बंद करून दोन्ही बाजूंचे दाब रात्रभर वेगवेगळे बघणं.